गाडीची चावी

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गावर एक रिकामा तास मिळाला. आम्ही सहज विचारले, "गाडी कोणाकोणाला येते?" अडतीस मुलांपैकी एकतीस हात वर गेले. उरलेल्यांपैकी दोघांनी शेजाऱ्याकडे पाहत, लाजत लाजत हात वर केला. मग विचारले, "लायसन्स कशासाठी लागते?" पहिल्या बाकावरून उत्तर आले, "टीचर, चौकात पोलीस उभे असले तर!" सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र त्या हसण्याची लाज वाटत राहिली, कारण मागच्या रमजानमध्ये आमच्याच गल्लीत जे घडले ते आमच्या डोळ्यांसमोरून अजून हललेले नाही.

आमचा मोहल्ला जुना आहे. गल्ली जेमतेम आठ फुटांची. घरांचे उंबरठे थेट रस्त्यावर उतरतात. ओट्यावर कोणी भांडी घासत असते, कोणी लसूण सोलत बसलेले असते, दोन-तीन वर्षांची लेकरे उंबरठ्यावरून एका पायाने आत, एका पायाने बाहेर. ही गल्ली बांधली तेव्हा तिच्यातून बैलगाडीसुद्धा जायची नव्हती. आता रमजानच्या रात्री तिथे शर्यत लागते. तरावीहच्या चार-आठ रकाती झाल्या की मागच्या सफेतली पोरे चपला शोधू लागतात. मस्जिदीत हाफिजसाहेबांची तिलावत चालू असते आणि बाहेर एका गाडीवर तिघे, कधी चौघे, मोबाइल वर धरून चित्रण करीत गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात. एखाद्याच्या थोरल्या भावाची मोठी मोटारसायकल असेल तर तिचा सायलेन्सर बदललेला असतो. तिचा आवाज असा की पाळण्यातले मूल दचकून उठते.

त्या रात्री समोरच्या घरातल्या खाला विरजण मागायला दोन दारे पलीकडे निघाल्या होत्या. वय अडुसष्ट, बेवा, मुलगी लग्न होऊन परगावी. हातात स्टीलची वाटी. गाडी आली ती वळणावरून, दिवा न लावता. चालवणारा चौदा वर्षांचा, आठवीतला, आमचाच विद्यार्थी. मागे बसलेले दोघे पळून गेले. तो पळाला नाही. त्यानेच खालांना उठवायचा प्रयत्न केला आणि त्या किंचाळल्या तेव्हा तोही त्यांच्याबरोबर रडू लागला. आम्ही बाहेर आलो तेव्हा वाटी खालांच्या हातातच होती.

खुब्याचे हाड मोडले होते.

पुढचे सांगायला जड जाते, पण ते सांगण्यासाठीच हा महिना आम्ही या विषयाला दिला आहे. खालांना खासगी दवाखान्यात नेले. वाटेतच ठरले की गाडीचे नाव काढायचे नाही. गाडीचे नाव निघाले असते तर दवाखान्याने पोलिसांना कळवले असते. म्हणून डॉक्टरांना सांगितले गेले, "घर में पाँव फिसला." दुसऱ्या दिवशी जोहरनंतर मोहल्ल्यातले चार बुजुर्ग आमच्या घरी आले. "आपा, तुमची मराठीही पक्की, उर्दूही पक्की. एक कागद लिहून द्या." आम्ही लिहिला. मुलाच्या घरच्यांनी औषधपाण्यासाठी चाळीस हजार रुपये दोन हप्त्यांत द्यायचे आणि खालांकडून कसलीही तक्रार नाही, असा मजकूर. साक्षीदार म्हणून खाली आमची सही. खालांचा अंगठा घेतला. त्यांना उर्दूत छान सही करता येते. हे कोणी विचारले नाही, आणि रोज मुलांच्या सह्या तपासणाऱ्या आम्हालाही त्या वेळी सुचले नाही.

चाळीस हजार खरोखर आले, दोन्ही हप्ते वेळेवर. ऑपरेशनला त्याच्या तिप्पट लागले. खालांच्या दोन बांगड्या होत्या, त्या गेल्या. आता त्या वॉकर धरून चालतात. नमाज खुर्चीवर बसून अदा करतात. पहाटे उठून तहज्जुद पढण्याची त्यांची पुष्कळ वर्षांची सवय होती, ती त्यांनी सोडलेली नाही. पण कपाळ जमिनीला लागत नाही. एवढी एकच गोष्ट त्या बोलून दाखवतात, तीही कोणाला दोष न देता.

मोहल्ल्याने यावर दोन वाक्ये काढली आणि प्रकरण बंद केले. पहिले, "बच्चा है." दुसरे, "मुकद्दर में था." ही दोन्ही वाक्ये आपण इतक्या वेळा ऐकतो की ती दीनची वाक्ये वाटू लागतात. ती तशी नाहीत.

तकदीरवर आपला ईमान आहेच. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांना एकाने विचारले की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून ठेवू, तेव्हा आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे उत्तर मिळाल्याची हदीस तिर्मिजीत आहे. आपण उंट तर बांधत नाहीच. चौदा वर्षांच्या पोराला त्यावर बसवून गल्लीत सोडतो आणि कोणी तुडवले गेले की तकदीरचे नाव घेतो. सूरह निसाच्या ९२व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचा हुकूम आहे. इरादा नव्हता म्हणून हिशेब संपला, असे तिथे नाही. कफ्फारा सांगितला आहे आणि मरणाऱ्याच्या वारसांना दियत देणे सांगितले आहे, त्यांनी स्वतः माफ केले तर गोष्ट वेगळी. हे माफ करणे कोणाच्या हातात ठेवले आहे ते पाहावे. ते ना मारणाऱ्याच्या हातात आहे, ना मोहल्ल्याच्या बुजुर्गांच्या. फिकहच्या किताबांत जखमांच्या भरपाईचीही प्रकरणे आहेत आणि हनफी फिकहनुसार नाबालिगाच्या हातून असे काही घडले तर दियतीचा बोजा त्याच्या घराण्यावर येतो. तपशील आपापल्या मुफ्तीसाहेबांकडून समजून घ्यावा, आम्ही आलिम नाही. पण "बच्चा है" म्हटल्याने कोणीच जबाबदार राहत नाही ही समजूत कुठून आली, ते त्यांना जरूर विचारावे.

आणि "घर में पाँव फिसला" हे वाक्य? खोट्या साक्षीला प्रेषितांनी (स.) मोठ्या गुनाहांत मोजले आहे. आम्ही दवाखान्यात काही बोललो नव्हतो. पण कागदावर सही आमची आहे.

या खोट्याने खालांचे दुनियेतले नुकसानही केले, ते आम्हाला नंतर कळले. रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक गाडीचा निदान तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. अपघातात जखमी झालेल्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसले तरी न्यायालये अनेकदा विमा कंपनीला आधी जखमीची भरपाई द्यायला लावतात आणि ती रक्कम मग गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. म्हणजे खालांना दार होते. ते आम्ही सगळ्यांनी मिळून, भल्या इराद्याने, बंद केले. पोलिसांची भीती आम्हालाही समजते. आपल्या पोराचे नाव एकदा कागदावर गेले की ते कुठे कुठे निघेल, ही धास्ती मोहल्ल्यातल्या प्रत्येक आईला आहे आणि ती बिनबुडाची आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या भीतीची किंमत एका बेवा बाईने भरावी, हा कुठला इन्साफ?

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण पालकसभेत वडीलमंडळी छातीठोकपणे चुकीचे सांगतात. "सोळा पूर्ण झाले की गिअर नसलेली गाडी चालते" असे म्हणणारे दहा भेटले. सोळाव्या वर्षी मिळणारे लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीसाठी आहे. आज दारोदार उभ्या असलेल्या स्कूटर बहुतेक ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. त्यांच्यासाठी वय अठराच. विजेवरची जी छोटी गाडी लायसन्स आणि नंबरप्लेटशिवाय चालते, तिची मोटार २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतचाच असावा लागतो. दुकानातून आणल्यावर तिचा वेग वाढवून घेतला की ती सवलत गेली. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले १९९अ हे कलम तर घराघरांत वाचून दाखवावे असे आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत लायसन्स नाही. ज्या मुलाला उद्या डिलिव्हरीचे किंवा ड्रायव्हरचे काम करून घर चालवायचे आहे, त्याच्यासाठी हे शेवटचे वाक्य दंडापेक्षा जड आहे.

हे फक्त आपल्याच मोहल्ल्यांत चालते असे कोणी समजू नये. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या हातातल्या महागड्या गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तेव्हा जामिनाच्या अटींत त्याला अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले होते. साऱ्या देशाने संताप केला. आम्हीही केला. मग वाटले, त्या मुलाकडून निदान निबंध तरी मागितला. आपण आपल्या मुलाकडून काय मागितले? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गाडीवर होता.

गाडी त्याच्या हाती आली कशी, हे समजून घ्यायला आम्ही त्याच्या घरी गेलो. फ्रिजच्या बाजूला खिळा आहे, त्यावर चावी लटकते. चावीला काबा शरीफचे छोटे चित्र. वडील रियाधमध्ये ट्रेलर चालवतात, दोन वर्षांनी एकदा येतात. घरात आई, आजारी दादी, बारावीतली बहीण आणि हा. आई म्हणाली, "आपा, दळण कौन लाएगा? दादी को दवाखाने कौन ले जाएगा? बेटी की ट्यूशन रात आठ को छूटती, उसको लेने कौन जाएगा? घर का मर्द तो यहीच है." आमच्याकडे उत्तर नव्हते. हौस म्हणून गाडी देणाऱ्या घरांवर रागावणे सोपे आहे. पण अर्ध्याअधिक घरांत गाडी अशीच आलेली असते, गरजेच्या दाराने. दिवसभर घरची कामे करणारे पोर रात्री दोन मित्रांना मागे बसवून एक चक्कर मारते आणि आई म्हणते, जाऊ दे, बिचारा दिवसभर राबतो.

निघता निघता आम्ही एवढेच विचारले, "मुलगी अठराची झाली ना? तिला का नाही शिकवत?" आई आमच्याकडे बघतच राहिली. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी देताना कोणाला काही वाटले नव्हते. अठरा वर्षांची, कायद्याने हक्कदार असलेली, अभ्यासात हुशार मुलगी गाडी चालवील, हे मात्र त्या घरात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. लोक काय म्हणतील! लोक तर खालांच्या वेळीही पुष्कळ बोलले, त्याने हाड जुळले नाही.

मुलाच्या वडिलांशी फोनवर बोललो. भला माणूस. "टीचर, मैंने तो उसकी अम्मी की आसानी के वास्ते गाडी दिलाई." आम्ही विचारले, "तिथे तुमच्या साहेबांच्या मुलाने लायसन्सशिवाय ट्रेलरला हात लावला तर तुम्ही चावी द्याल?" बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "यहाँ तो मैं खुद लायसन जेब में रखे बगैर कमरे से नहीं निकलता."

शाळेत आम्ही काही प्रयत्न केले, ते जसे झाले तसे सांगतो. गाडी घेऊन येणाऱ्याला फाटकातून आत घ्यायचे नाही असे ठरवले. आठवडाभर फाटकासमोर एकही गाडी नव्हती आणि आम्ही खूश होतो. मग कळले की पिठाच्या गिरणीमागे अकरा गाड्या उभ्या असतात. मातांची सभा बोलावली, साठ घरांना निरोप धाडले, बावीस जणी आल्या, आणि वडील एक. वर्गात फळ्यावर गणित घातले. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? मुलांनी काढले, ११. स्कूटर ११० किलोची, वर पन्नास-पन्नास किलोचे तिघे, मिळून २६० किलो. दिसल्यापासून ब्रेकवर बोटे आवळेपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. आमच्या गल्लीत ११ मीटरमध्ये चार घरांचे दरवाजे येतात. "त्या चार दारांत कोण कोण राहते, वहीत लिहा," असे सांगितले. एकाने स्वतःच्या धाकट्या बहिणीचे नाव लिहिले आणि पेन खाली ठेवला. एवढा शांत वर्ग आम्ही क्वचितच पाहिला असेल. दुसऱ्या दिवशी गिरणीमागे नऊ गाड्या होत्या.

आवाजाबद्दल आम्ही मुलांना सूरह लुकमानची आठवण करून दिली. हजरत लुकमान आपल्या मुलाला समजावतात, बाप मुलाला समजावतो तसे, की चालण्यात मध्यमपणा ठेव आणि आवाज खाली ठेव. तिथे गाढवाच्या आवाजाचा उल्लेख येतो तेव्हा मुले नेहमी हसतात. यंदा एकजण म्हणाला, "टीचर, म्हणजे सायलेन्सर!" तफसीर करायचा आमचा हक नाही, पण त्याला आम्ही चूक म्हटले नाही. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे बदललेले सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीने मांडले आणि त्यांवरून रोडरोलर फिरवला. मुलांना ती चित्रफीत तोंडपाठ आहे. तीही त्यांच्यासाठी करमणूकच झाली.

इमामसाहेबांना आम्ही चिठ्ठी पाठवली होती. त्यांनी यंदा रमजानच्या पहिल्या जुम्याला लांबलचक बयान केले नाही. एकच सांगितले, तरावीहला येताना घरातल्या गाडीची चावी बापाने किंवा मोठ्या भावाने आपल्या खिशात घालून यावे. किती जणांनी ऐकले, मोजता येत नाही. गल्ली पूर्ण शांत झाली असे म्हटले तर ते खोटे होईल आणि खोटे लिहून आमचे एकदा झाले आहे. मोठ्या मोटारसायकलवाले दोघे अजून येतात. पण स्कूटरवरच्या लहान पोरांची गर्दी अर्ध्यावर आली. असर ते मगरिब त्यांनी करायचे काय, हा प्रश्न राहिलाच आहे. कब्रस्तानाशेजारचे मैदान होते, तिथे आता भाड्याचे ट्रक उभे असतात. शाळेचे पटांगण संध्याकाळी उघडे ठेवण्याविषयी आम्ही व्यवस्थापनाकडे अर्ज दिला आहे.

मातांच्या त्या सभेला आलेल्या बावीसजणींपैकी चौघींनी शिकाऊ लायसन्स काढले. आधार कार्डाच्या आधारे घरबसल्या ऑनलाइन परीक्षा देता येते, फॉर्म भरायला आम्ही बसलो. पक्क्या लायसन्ससाठी तीस दिवसांनंतर गाडी चालवून दाखवावी लागते. त्या मुलाची बहीण पाचवी. फजरनंतर गल्ली रिकामी असते तेव्हा ती बुरखा सावरून स्कूटर शिकते आणि तो भाऊ मागे मागे पळत असतो, "बाजी, ब्रेक! ब्रेक!" ओरडत. चावी आता खिळ्यावर नसते, आईच्या कपाटात असते.

हा लेख लिहिण्याआधी आम्ही खालांकडे गेलो. तो कागद बरोबर नेला होता. वर्षभर तो आमच्या कपाटात पडून होता. म्हटले, "खाला, हे आम्ही चुकीचे लिहिले होते. तुम्हाला विचारायला हवे होते. तुम्ही सांगाल ते आता करू, वकिलांकडेही जाऊ." खालांनी कागद हातात घेतला, अंगठ्याचा ठसा बघितला आणि म्हणाल्या, "मेरे को तो दस्तखत आती थी." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वकिलांचे काय ते मुलगी ईदला आली की तिला विचारून सांगते म्हणाल्या. आम्ही विचारले, "आणि मासिकात लिहू का?"

"लिखो," त्या म्हणाल्या. "पर बच्चे का नाम नको लिखो. वो रोज शाम को मेरा पानी भरता."